लागलं की सांगायचं

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, "प्रत्येकाने आपल्या आवडीच्या एका गोष्टीवर पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. नोकरीबद्दल नको, बीपी-शुगरबद्दल नको आणि मुलांच्या पॅकेजबद्दल तर अजिबात नको." एवढं वगळल्यावर आमच्या वयाच्या माणसाकडे बोलायला फारसं उरत नाही. माझ्याकडे एक गोष्ट उरली. ती सांगायला थोडी लाज वाटते, कारण समोर पहिल्या रांगेत विज्ञानाचे सर बसलेत आणि त्यांच्या शेजारी पी.टी.चे सर. मी इंग्लंडमध्ये दर रविवारी जंगलात जातो आणि नकली बंदुकीने खेळतो. हसा, हसा. माझी बायकोही हसते.

या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. आपल्याकडे जत्रेत छर्र्याच्या बंदुकीने फुगे फोडायचो, ते आठवा. चार आण्यात पाच छर्रे. त्या बंदुकीची नळी मुद्दाम वाकडी ठेवतात असं आपण छातीठोकपणे सांगायचो, आणि फुगा फुटला की ती नळी आपोआप सरळ व्हायची. एअरसॉफ्टची बंदूक दिसायला त्याहून कितीतरी खरी, पण गोळी मात्र प्लास्टिकची. व्यास ६ मिलिमीटर, ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठी, हरभऱ्यापेक्षा लहान. वजन बहुतेक वेळा ०.२० ग्रॅम. आणि फुग्यांच्या जागी समोर माणसं असतात. दोन संघ, एक जंगल, एकमेकांचा झेंडा पळवायचा किंवा एखादी झोपडी ताब्यात घ्यायची. गोळी लागली की बाद.

हा खेळ मूळचा जपानचा. तिथे खऱ्या बंदुका सामान्य माणसाला जवळजवळ मिळतच नाहीत, म्हणून हौशी लोकांनी हुबेहूब नकली बंदुका बनवायला सुरुवात केली आणि १९८० च्या दशकात त्याचा खेळ झाला. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी बंदूक बाजारात आणली आणि मग तो जगभर पसरला. मी त्यात पडलो तो मुलामुळे. तो १४ वर्षांचा असताना मित्राच्या वाढदिवसाला एकदा खेळून आला आणि घरात दुसरा विषयच राहिला नाही. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलाला अशी बंदूक विकता येत नाही. त्यामुळे बाप लागतोच. नुसतं बाकावर बसून डबा सांभाळण्यापेक्षा आपणही खेळावं म्हणून मी भाड्याची बंदूक घेतली, आणि पहिल्याच रविवारी वीस मिनिटांत सात वेळा बाद झालो. आठव्या वेळी मी एकाला टिपलं. तो हात वर करून "हिट" म्हणाला आणि निमूटपणे चालता झाला. मला त्या क्षणी जे वाटलं ते दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. पण मी तुम्हाला सांगायला आलोय ते त्या हात वर करण्याबद्दल.

त्याआधी थोडं विज्ञान. सर, चूक झाली तर थांबवा.

नववीत आपण गतिज ऊर्जा शिकलो. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मी ते पाठ केलं होतं, समजलं नव्हतं. समजलं ते इंग्लंडच्या चिखलात. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली, तर गणित सोपं आहे. ०.०००२ किलो, वेगाचा वर्ग १०,०००, गुणाकार २, त्याचा निम्मा १. बरोबर एक ज्यूल. एक ज्यूल म्हणजे किती? १०० ग्रॅमचा पेरू जमिनीवरून एक मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढी. ऐकायला काहीच नाही. पण तीच ऊर्जा ६ मिलिमीटरच्या ठिपक्यावर आली की जाड जॅकेटवरून नुसतं कळतं, उघड्या मानेवर वळ उठतो, दात तुटतो आणि डोळा जातो. म्हणून चष्मा काढायचा नाही, हा या खेळाचा पहिला, दुसरा आणि तिसरा नियम. घामाने काच धुक्यासारखी झाली तरी काढायचा नाही. आधी खेळाच्या हद्दीबाहेर चालत जायचं, मग काढायचा.

या एका ज्यूलभोवती देशोदेशींचे कायदे फिरतात. जपानमध्ये काही लोकांनी या बंदुकांची ताकद वाढवून २००५ च्या सुमारास रस्त्यावरच्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर २००६ मध्ये तिथला कायदा बदलला आणि ६ मिलिमीटरच्या गोळीला साधारण ०.९८ ज्यूलची मर्यादा आली. गंमत म्हणजे कायद्यात ज्यूलचा आकडा थेट नाही. दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल, असा हिशेब आहे. म्हणजे गोळीत किती जोर आहे यापेक्षा तो जोर किती जागेवर येतो, हे त्यांनी पाहिलं. सुईच्या टोकाचा दाब जास्त का, हा सरांचा प्रश्न जपानी संसदेपर्यंत पोचला म्हणायचा.

ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्याने एअरसॉफ्टची व्याख्या केली. चाप दाबून धरला की सलग गोळ्या सुटतात अशा बंदुकीला १.३ ज्यूल, एका दाबाला एकच गोळी सुटते अशीला २.५ ज्यूल. त्यापलीकडे गेलात की ही सवलत संपली. सलग गोळ्या सोडणारी बंदूक १.३ च्या वर गेली, तर कायद्याच्या नजरेत ते खेळाचं साधन राहतच नाही, खरोखरीची बंदूक ठरते. शिवाय २००६ च्या दुसऱ्या एका कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका विकायला बंदी आहे. सूट आहे ती विमा असलेल्या मैदानांवर नियमित खेळणाऱ्यांना. त्यासाठी खेळाडूंची नोंदणी चालते आणि नोंद व्हायला किमान २ महिन्यांच्या काळात ३ वेळा खेळावं लागतं. तोवर घ्यायचीच असेल तर भडक निळी किंवा नारिंगी घ्या. माझी पहिली बंदूक निळी होती, होळीच्या पिचकारीसारखी.

मैदानांचे स्वतःचे नियम कायद्याहून कडक असतात. आमच्याकडे ०.२० ग्रॅमच्या गोळीने सेकंदाला ३५० फूट ही हद्द. म्हणजे १.१४ ज्यूल. लांबवर नेम धरणाऱ्या, प्रत्येक गोळीला दट्ट्या ओढाव्या लागणाऱ्या बंदुकीला ५०० फूट चालतात, म्हणजे साधारण २.३ ज्यूल. पण मग ३० मीटरच्या आत कोणी आला तर त्याच्यावर ती झाडायची नाही. खिशातलं लहान पिस्तूल काढायचं, नाहीतर मुकाट्याने लपून राहायचं. हे मोजायला सकाळी एक यंत्र लावतात. बंदुकीच्या तोंडापाशी एक डबी. गोळी तिच्यातून जाताना दोन प्रकाशकिरण ओलांडते, मधला वेळ मोजला जातो आणि पडद्यावर वेग येतो. पास झालात की बंदुकीला रंगीत पट्टी बांधतात. आठवडी बाजारात वजनमापांवर शिक्का मारायचे ना, तसं.

आता मजा अशी, की मर्यादा आली की तिच्या कडेकडेने चालणारे आले. यात दोन जाती आहेत आणि त्यांच्यातली रेघ फार बारीक आहे.

पहिली जात कसब वाढवणाऱ्यांची. नवख्या माणसाला वाटतं, जोर वाढवला की गोळी लांब जाईल. तसं फारसं होत नाही. इतकी हलकी गोळी हवेत लगेच दमते. लांब जाते ती फिरकीमुळे. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूला रबराचा एक बारीक उंचवटा असतो. गोळी त्याला घासून जाते आणि तिला उलटी फिरकी मिळते. टेबल टेनिसमध्ये खालून कापून मारलेला चेंडू कसा तरंगत जातो, तसंच. हा उंचवटा किती खाली आणायचा हे एका छोट्या चाकाने ठरवता येतं. कमी आणला तर गोळी लवकर पडते, जास्त आणला तर आकाशात जाते. तो बरोबर जमला की साधी बंदूकही ५० मीटरवर माणूस टिपते. मग नळी दर आठवड्याला पुसायची, कारण एका कणाने फिरकी बिघडते. गोळ्या चांगल्या घ्यायच्या, एकसारख्या गोल. वारा असेल तर ०.२० ऐवजी ०.२८, ०.३० ग्रॅमची घ्यायची. ती सुटताना हळू सुटते, पण वाऱ्याने कमी ढळते आणि लांबवर आपला वेग टिकवून धरते.

आणि सगळ्यात मोठं कसब म्हणजे शांत बसणं. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. वय सत्तरीला टेकलेलं, बंदूक भाड्याची. त्या झुडपात जाऊन बसतात आणि अर्धा अर्धा तास हलत नाहीत. हजार पौंडांची बंदूक घेऊन पळणारी पोरं त्यांच्यासमोरून जातात आणि बाद होतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "मी ३० वर्षं वर्गात मागच्या दाराने शिरायचे. मुलं नेहमी पुढच्या दाराकडे बघतात." आपल्या गणिताच्या बाईंची आठवण झाली की नाही?

दुसरी जात पळवाटा काढणाऱ्यांची. यंत्रावर ०.२० ची गोळी सांगायची आणि आत ०.२५ ची भरायची. जड गोळी हळू सुटते, आकडा कमी दिसतो, पोलिसाला चकवलं. म्हणून आता मोजणारा स्वतःच्या गोळ्या भरतो. फिरकीचं चाक यंत्रावर मुद्दाम पूर्ण दाबायचं, त्याने वेग अडतो, आणि मैदानात गेल्यावर सोडायचं. गॅसच्या बंदुकीवाल्याने थंडगार सकाळी मोजून घ्यायचं आणि दुपारी मॅगझीन उन्हात ठेवायचं. गॅस तापला की दाब वाढतो. यात लबाडी किती आणि हवामान किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पाठीवर दाबाच्या हवेची टाकी घेऊन खेळणाऱ्यांना तर नुसता एक नॉब फिरवायचा असतो. त्यावर आम्ही कुलूप लावतो.

पण या सगळ्यात एक पळवाट अशी आहे, की तिच्यात काहीच फिरवावं लागत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत जोर ठरलेला असतो. गोळी जड केली तर वेग कमी होतो आणि ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीत तसं नाही. हलकी गोळी झटकन नळीबाहेर पडते, मागची बरीच हवा वाया जाते. जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते आणि तेवढा वेळ हवा तिला ढकलत राहते. म्हणजे तीच बंदूक, तोच दाब, पण गोळी जड झाली की ऊर्जा वाढते. सकाळी ०.२० ने मोजली तर १.१ ज्यूल, दुपारी जड गोळी भरली की दीड, पावणेदोन. कुलूप जागच्या जागी, रंगीत पट्टी जागच्या जागी.

हे मला इतकं बारकाईने माहीत आहे, कारण मी ते केलं आहे.

खेळायला लागून तीन वर्षं झाली होती. हवेच्या टाकीवाली, सलग गोळ्या सोडणारी बंदूक घेतली होती. मोजण्याचं छोटं यंत्र घरीही होतं. एका शनिवारी रात्री गॅरेजमध्ये मी ०.३६ ग्रॅमच्या गोळ्या भरून पाहिल्या. आकडा आला १.६ ज्यूल. मैदानाच्या हद्दीच्या वर, देशाच्या कायद्याच्याही वर. मी यंत्र बंद केलं आणि स्वतःला सांगितलं, मैदानाचा नियम काय आहे? सकाळी ०.२० ने मोजून घ्या. मी मोजून घेणार आहे. नॉबला हात लावणार नाही. मग मी कुठला नियम मोडला? शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वकील लागत नाही.

रविवारी सकाळी रांगेत उभा राहिलो, पास झालो, पट्टी बांधून घेतली. दुपारच्या खेळात ०.३६ भरल्या. खरं सांगतो, आनंद झाला. ज्यांच्यापर्यंत कधी पोचलो नव्हतो ते एकामागून एक "हिट" म्हणत उठत होते. मग एका पडक्या भिंतीच्या कोपऱ्यावरून एक मुलगा अचानक समोर आला. अंतर दहा-बारा पावलं. मी चाप ओढला. त्याने डोळ्यांना चष्मा लावला होता, पण तोंडावरची जाळी दम लागला म्हणून खाली ओढली होती. तो खाली बसला. तोंडावर हात, बोटांतून रक्त. पुढचा दात अर्धा तुटला होता. तो माझ्या मुलाचा वर्गमित्र होता, आमच्याच गाडीतून आलेला.

खेळ थांबला. चालकांनी माझी बंदूक परत मोजली. त्यांच्या गोळ्यांनी, ०.२० ने. ३४५ फूट. पास. ते मला म्हणाले, "तुमची चूक नाही, जाळी खाली होती." मुलाचे वडील त्याला न्यायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही मान हलवली. माझ्या खिशात ०.३६ ची पिशवी होती आणि ती मांडीला टोचत होती.

घरी निघालो. पाऊण तासाचा रस्ता. मुलगा शेजारच्या सीटवर. अर्ध्या वाटेवर तो माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "बाबा, मॅगझीन मी भरली होती. पिशवीवर ०.३६ लिहिलं होतं." बस, एवढंच. तो घरात सहसा इंग्रजीतच बोलतो. मी गाडी पेट्रोल पंपावर थांबवली. थोडा वेळ नुसता बसलो आणि मग गाडी वळवली.

चालक अजून जाळ्या गुंडाळत होते. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी त्या गोळ्यांनी बंदूक मोजली. १.६ आलं. ते काही ओरडले नाहीत. वहीतलं माझं नाव काढून लाल रेघ मारली आणि म्हणाले, "सहा महिने." त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेलो. दाताचा खर्च मी दिला. त्याच्या वडिलांनी पैसे घेतले, हात मिळवला नाही. तो मुलगा परत कधी खेळायला आला नाही. सांगितल्याने सगळं ठीक होतं, असं मी इथे म्हणणार नाही. तसं झालं नाही. फक्त, मुलगा माझ्याशी परत मराठीत बोलतो, एवढं झालं.

सहा महिन्यांनी मी गेलो तेव्हा चालकांकडे माणूस कमी होता. नारिंगी जॅकेट देऊन त्यांनी मला मोजणीच्या टेबलावर बसवलं. म्हणाले, "पळवाटा तुला ठाऊक आहेत." तेव्हापासून मी तिथेच आहे. आता आमच्याकडे नियम बदलला आहे. दिवसभर ज्या गोळ्या वापरणार, त्यांच्यानेच मोजायचं आणि फूट नाही, ज्यूल बघायचे. दुपारच्या जेवणानंतर कोणालाही परत बोलावून मोजतो. तरी मी रोज नव्या मुलांना एकच सांगतो. हे यंत्र तुमच्या दिवसातला अर्धा मिनिट बघतं. उरलेला दिवस तुम्हीच बघायचा. मर्यादा तुमच्या बंदुकीवर लिहिलेली असली तरी ती असते समोरच्याच्या दातासाठी. मर्यादेच्या आत राहून जेवढं पुढे जाता येईल तेवढं जा. नळी पुसा, फिरकी जमवा, झुडपात अर्धा तास बसायला शिका. ते सगळं तुमचं. मर्यादेबाहेरून घेतलेलं जे असतं, ते समोरच्याच्या अंगातून काढलेलं असतं.

आणि शेवटी हात वर करण्याबद्दल. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग फुटतो, सगळ्यांना दिसतो. एअरसॉफ्टच्या गोळीची काहीच खूण राहत नाही. जॅकेटवर टप् होतं आणि ती पाचोळ्यात पडते. लागली की नाही हे फक्त ज्याला लागली त्यालाच कळतं. म्हणून तिथे पंच असले तरी बाद द्यायचं काम खेळाडूचं स्वतःचंच. काही जण न लागल्यासारखं करून खेळत राहतात, त्यांना आम्ही पकडूच शकत नाही. पण बहुतेक लोक, अगदी बारा-तेरा वर्षांची पोरंसुद्धा, कोणी बघत नसताना हात वर करतात. पहिल्या दिवशी मला याचं फार आश्चर्य वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. पी.टी.चे सर आपल्याला कबड्डी शिकवताना हेच सांगायचे. "हात लागला की नाही, हे शिट्टीच्या आधी तुम्हाला कळतं. लागलं की सांगायचं."

सर, म्हणूनच आज बोलायला उभा राहिलो.

नववीला आपली तुकड्यांची कबड्डीची फायनल होती. अ विरुद्ध ब. शेवटची चढाई ब तुकडीची, आमच्याकडून मी एकटा उरलो होतो. चढाई करणारा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे, सकाळी त्याने मला स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. तो परत फिरताना त्याच्या पायाचा अंगठा माझ्या घोट्याला लागला. धुरळा इतका होता की सरांना दिसलं नाही. सरांनी मला विचारलं, "लागला का रे?" मी म्हणालो, "नाही सर." सरांनी माझ्या शब्दावर निर्णय दिला. आम्ही एका गुणाने जिंकलो. ढालीवर अ तुकडीचं नाव आहे, काल आपण सगळ्यांनी तिच्यासमोर फोटो काढला. ब तुकडीची पोरं त्या दिवशी माझ्यावर ओरडत होती आणि तो मात्र काही न बोलता नळावर जाऊन पाय धूत बसला होता.

तो दात तुटला त्या रात्री मला झोप लागली नाही आणि डोळ्यांसमोर तो मुलगा येण्याऐवजी सारखा हा नळ येत होता. दोन्ही वेळा कोणाला दिसलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा मी शिट्टीच्या आड उभा राहिलो होतो. एकदा पोराने मला तिथून बाहेर काढलं. या वेळी कोणी काढायची वाट बघायची नाही, असं ठरवून विमानाचं तिकीट काढलं.

ढाल बदलायची की नाही हे सरांनी ठरवावं. आयोजकांनी दिलेली वीस मिनिटं संपली आहेत. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मित्रा, आमच्या खेळात जसं म्हणतात तसं हात वर करून सांगतो.

हिट. लागला होता.